तीन पुरुष पाणी आणि वीतभर दरी

ती. आत्याबाईंना,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो सध्या कागदावरच घालते आहे. सुटली की समक्ष घालीन.) तुमचे गुडघे कसे आहेत? डावा ऐकतो आणि उजवा हट्टीपणा करतो असं मागे लिहिलं होतंत. उजव्याला तुम्ही वर्गातल्या मुलांकडे बघायचात तसं एकदा बघून पाहा, सरळ येईल. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हे रोज तुमची आठवण काढतात, विशेषतः माझ्याशी वाद घालताना, कारण "तुझ्या आत्याबाई असत्या तर" एवढं म्हटलं की मी पुढचं वाक्य गिळते हे त्यांना कळून चुकलं आहे. थोरलीचे दात पडले, धाकटीचे आले, त्यामुळे घरातल्या दातांचा हिशेब जागच्या जागी आहे.

तुम्ही विचारलंत, शाळेत नवीन काय. याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण तुम्ही सगळी नोकरी फळ्यासमोर काढलेली, तुमच्यापुढे एका ओळीचं उत्तर टिकत नाही हे लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा गणितासारखी सगळी रीत मांडून दाखवते.

आमच्या शाळेत दरी सापडली. होती ती आधीपासूनच, पण शिक्षण कचेरीतल्या साहेबांनी ती मोजून, कागदावर काढून, गुंडाळी बगलेत मारून आणली तेव्हा आम्हाला दिसली. आमच्याकडे दोन तऱ्हेची मुलं येतात. एक गावातली, ज्यांचे आईवडील दवाखान्यात, कचेरीत नाहीतर दुकानात बसतात. दुसरी धक्क्यावरची, ज्यांची घरंच नदीतल्या मालवाहू नावांवर असतात आणि ज्यांचे आईवडील सिमेंट, विटा, खडी इकडची तिकडे नेतात. साहेबांनी तक्ता भिंतीला टाचला. वरची रेघ गावातल्या मुलांच्या गुणांची, खालची धक्क्यावरच्या मुलांच्या गुणांची, आणि मधली वीतभर जागा लाल रंगवलेली. त्या लालावर तळहात ठेवून साहेब म्हणाले, "ही दरी." पुढे दुपारपर्यंत ते दरी, दरीचा उगम, दरीची खोली असं इतक्या तन्मयतेने बोलत राहिले की जेवणाच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव दरीसाहेब पडलं होतं आणि आता त्यांचं खरं नाव विचारायची सोय उरलेली नाही.

दरीवरचा उपायही साहेबांनी आणला होता. धक्क्यावरच्या मुलांना आपल्या अभ्यासात स्वतःचं घर, स्वतःची माणसं, स्वतःचं काम कुठेच दिसत नाही. गणितात बाग असते, बंगला असतो, बंगल्याच्या हौदाला दोन तोट्या असतात. आता नदीवर जन्मलेल्या पोराला तोटीचं काय कौतुक? तेव्हा सगळ्यांच्या घरांना सामावून घेणारा अभ्यासक्रम तयार करायचा, मग मुलांचं मन लागतं आणि दरी बुजते. (या अभ्यासक्रमाला त्यांच्याकडे 'सर्वसंस्कृतिसमावेशक' म्हणतात. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तो शब्द आभार मानताना दोनदा सुरू केला आणि शेवटी "आपण सांगितलेला तो" असं म्हणून सोडवणूक करून घेतली.) कल्पना मला वाईट वाटली नाही. फक्त त्याच वेळी बाहेरचा नळ कोणीतरी उघडा टाकल्याचा आवाज आला म्हणून मी तो बंद करायला गेले, आणि परत येईपर्यंत समिती नेमली गेली होती. समिती म्हणजे मी आणि चित्रकलेचे सर. सर खोलीतच होते, पण त्यांना डुलकी लागली होती.

आता यात गप्पूची ओळख करून द्यायला हवी. धक्क्यावरची मुलगी, शेवटच्या बाकावर खिडकीशी बसते. तोंडातून शब्द काढत नाही म्हणून मुलांनी नाव ठेवलं गप्पू, आणि ते इतकं चिकटलं की परवा मोठ्या बाईसुद्धा तिला "कुमारी गप्पू" म्हणाल्या. पेपर कोरा देते. कोरा म्हणजे स्वच्छ कोरा, शाईचा डागसुद्धा नाही. यंदा तिला संथ तुकडीत टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. संथ तुकडी म्हणजे मागच्या बाजूची ती ओलसर खोली. तिथे मुलं जातात एवढं आम्हाला माहीत आहे. तिथून वर आलेलं मूल अजून कोणी पाहिलेलं नाही.

तर समिती कामाला लागली. नदीतली नाव म्हटली की मासे, एवढं सामान्यज्ञान आम्हा दोघांनाही होतं. मी रविवारभर बसून सगळी गणितं माशांची केली. एका कोळ्याने चार जाळी टाकली, प्रत्येकात इतके मासे आले, त्यातले इतके निसटले, तर टोपलीत किती. सरांनी समासात शिडाच्या नावा काढल्या, लाटा काढल्या, एका लाटेवर हसरा मासा काढला. पेपर वाटला तेव्हा धक्क्यावरच्या मुलांमध्ये खसखस पिकली. मला वाटलं, घर दिसलं! घर दिसलं नव्हतं, आमच्या नावेचं शीड दिसलं होतं. त्यांच्या नावांना इंजिनं आहेत आणि तीही त्यांच्या बापजाद्यांच्या काळापासून. एका मुलाने गणित नीट सोडवून खाली लिहिलं होतं, "बर्फ नसेल तर हे मासे सकाळी फेकावे लागतील." आणि गप्पूने, आत्याबाई, चक्क लिहिलं होतं. एकच ओळ. "आमच्या नावेत सिमेंट असते, मासे आई बाजारातून आणते." उत्तर नव्हतंच, त्यामुळे मी शून्य दिलं. देऊन झाल्यावर लक्षात आलं की या मुलीने माझ्या तासाला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. शून्य मात्र तसंच ठेवलं, कारण शाईने दिलं होतं.

मग ठरवलं, अंदाजपंचे नको, जाऊन बघावं. शनिवारी शाळा सुटल्यावर समिती धक्क्यावर निघाली. (सर चौकापर्यंत आले. तिथे त्यांना एक झाड फार सुंदर दिसलं आणि ते रेखाटन करायला बसले.) गप्पूचे वडील नावेचे तांडेल, म्हणजे त्या नावेवर त्यांचा शब्द शेवटचा. उंच माणूस, बोलणं मोजकं. मी काठावरून ओरडून सांगितलं की मी गणिताची बाई, तुमचं जगणं समजून घ्यायला आले आहे. ते माझ्या चपलांकडे बघून म्हणाले, "या. पण पाय पुसून." मधे एक फळी टाकलेली होती. त्या फळीवरून मी कशी गेले ते लिहीत नाही. तुम्ही मला लहानपणी सायकल शिकवलीत तेव्हा जे आवाज मी काढले होते तेच काढले, एवढं पुरे. आत जाऊन बसले, गप्पूच्या आईने चहा दिला, छोटंसं घर, पण जिथल्या वस्तू तिथे, प्रत्येक कपाला खुंटी. मी वही काढून विचारायला सुरुवात केली, की आपल्या परंपरागत ज्ञानाबद्दल काही सांगा. गप्पूची आई म्हणाली, "परंपरागत म्हणजे?" मी समजावून सांगत होते तेवढ्यात खिडकीतला धक्का हलायला लागला. धक्का हलत नसतो हे कळायला मला थोडा वेळ लागला. नाव सुटली होती! पलीकडच्या काठावर विटा भरायच्या होत्या, त्याची वेळ झाली होती आणि एक बाई चहा पिते आहे म्हणून विटा थांबत नाहीत. "तुम्हीच या म्हणालात ना?" मी तांडेलांना विचारलं. ते म्हणाले, "या म्हणालो. राहा कुठे म्हणालो?"

पण त्यामुळेच एक गोष्ट बघायला मिळाली. नदीच्या मधोमध गाळाचा उंचवटा आहे, तिथे जपून जावं लागतं. गप्पू नावेच्या टोकाला उभी राहिली, हातात खुणा केलेला लांब बांबू, तो पाण्यात खुपसायचा, बघायचं आणि मागे बापाला ओरडून सांगायचं. "तीन पुरुष! अडीच! पावणेदोन, डावीकडे घ्या, डावीकडे!" (पुरुष म्हणजे माणसाची उंची. विहीर किती पुरुष खोल, असं आपल्याकडे आजोबा म्हणायचे.) आत्याबाई, तो आवाज! इंजिनाच्या वर चढून पलीकडच्या काठाला लागून परत येत होता. आमची गप्पू. मी हातातला कप धरून तशीच बसले. पावणेदोन! आणि वर्गात हिच्याकडून अपूर्णांक म्हणजे काय एवढंसुद्धा वदवून घेता येत नाही म्हणून आम्ही हिला ओलसर खोलीत पाठवायला निघालो होतो.

(परत कशी आले म्हणाल तर खडीच्या ट्रकमध्ये बसून, पुलावरून वळसा घेऊन. कंबर तेव्हाचीच.)

गोष्टीत असतं तर इथे सगळं सुरळीत झालं असतं. सोमवारी मी फळ्यावर लिहिलं, साडेतीन वजा पाऊण, आणि मोठ्या आशेने गप्पूकडे पाहिलं. गप्पूने खिडकीकडे पाहिलं. बांबूवरचा पाऊण आणि फळ्यावरचा पाऊण यांची एकमेकांशी ओळख नव्हती, आणि ती कोणीतरी करून द्यायला हवी हे मला तेव्हा सुचलं नाही. मला सुचलं ते असं, की गणितच बदलावं.

सहामाहीचा पेपर मी पूर्णपणे नावेवरचा काढला. या वेळी खरा, बघून काढलेला. पहिला प्रश्न : "नदीत तीन पुरुष पाणी आहे. बंधाऱ्याचे दरवाजे उघडल्यावर आणखी दीड पुरुष वाढले, तर आता किती?" धक्क्यावरची मुलं बरी चालली. गावातली मुलं मात्र पहिल्याच ओळीत गारद झाली. एकीने लिहिलं, पाण्यातल्या तिघांना आधी बाहेर काढावं. एकाने दीड पुरुष असू शकत नाही असं ठामपणे लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. दातांच्या डॉक्टरांचा मुलगा, जो आजवर पहिल्या नंबराखाली उतरलेला नाही, त्याने "स्त्रियांचा उल्लेख नसल्यामुळे एकूण संख्या सांगता येत नाही" असं लिहिलं आणि पेपर संपल्यावर रडला.

निकाल लागला आणि दरी बुजली. एका फटक्यात! खालची रेघ होती तिथून जेमतेम बोटभर वर आली, पण वरची रेघ जी कोसळली ती तिच्या मांडीवर येऊन बसली. दरीसाहेबांना आनंदाचं भरतं आलं. त्यांनी नवा तक्ता काढला, त्यात लाल रंग भरायला जागाच नव्हती. अभिनंदनाचं पत्र आलं, मोठ्या बाईंनी ते चौकटीत बसवलं, इतर शाळांतून दोन शिक्षक आमचा प्रयोग बघायला येऊन चहा पिऊन गेले. दोन्हीकडची बहुतेक मुलं आता सारखीच नापास होतात, यात काही गफलत आहे का, असं मी साहेबांना हळूच विचारून पाहिलं. ते म्हणाले, बाई, समता टप्प्याटप्प्याने येते.

पालक मात्र टप्प्याने आले नाहीत, एकदम आले. पुढे दातांचे डॉक्टर, मागे गाव. मोठ्या बाईंनी सभागृहात खुर्च्या मांडल्या आणि आपली बाजू भक्कम असावी म्हणून तांडेलांनाही बोलावणं धाडलं. माझीही भिस्त त्यांच्यावरच होती. डॉक्टर उभे राहिले, चांगलं बोलले, त्यांच्या मुलाला नदीत उतरायचं नाही, त्याला पुढे शिकायचं आहे, तेव्हा जुनीच गणितं ठेवा. मग सगळ्या माना तांडेलांकडे वळल्या. तांडेल उठले. म्हणाले, "डॉक्टर बरोबर बोलतात."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"पाण्याचं आम्ही बघतो घरी," तांडेल म्हणाले. "पोरीला पाणी मोजता येतं. तिला ते तुमचं कागदावरचं येत नाही, म्हणून शाळेत घातली. तुम्ही कागदावर पण पाणीच आणलं, तर मग शाळा कशाला?" डॉक्टरांनी जाऊन त्यांचा हात हातात घेतला. इथे सभा संपायची, पण मागून दुसऱ्या एका नाववाल्याने शंका काढली, की पेपरात पुरुष धरलाय तो नेमका केवढा? त्यांच्या नावेवर त्यांच्या आजोबांच्या मापाचा पुरुष चालतो आणि आजोबा बुटके होते. तांडेल म्हणाले, पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. तिसरा म्हणाला, हात कशाला वर करायचे, पाण्यात काय कोणी शरण आलंय? त्यावरून जी जुंपली ती खुर्च्या परत रचून होईपर्यंत चालू होती. थोडक्यात, माझा पेपर धक्क्यावरच्या हिशेबानेही चूकच होता आणि जी मुलं पास झाली ती नेमकी कशात पास झाली हे आता कोणालाच सांगता येणार नाही. चित्रकलेच्या सरांनी मात्र त्या भांडणाचं फार छान चित्र काढलं.

यानंतर मी जे केलं ते विचारपूर्वक केलं असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे पेपर काढायचा मला कंटाळा आला होता. मी वर्गात जाऊन सांगितलं, आजपासून गणितं तुम्ही घाला. ज्याने त्याने आपल्या घरचं गणित घालायचं, शेजाऱ्याने सोडवायचं, अडलं तर घालणाऱ्याला हवं ते विचारायचं, आणि घालणाऱ्याने फळ्यावर आपल्या पुस्तकातल्या रीतीने मांडून दाखवायचं. बाकांची अदलाबदल केली, एक गावातला, एक धक्क्यावरचा. पहिले काही दिवस असा गोंधळ की शेजारच्या वर्गातल्या इतिहासाच्या बाई दोनदा येऊन दारात नुसत्या उभ्या राहून गेल्या. पण गणितं यायला लागली. शिंप्याच्या मुलाने उरलेल्या कापडात टोपी बसते का ते विचारलं. डॉक्टरांच्या मुलाने दाढांचं घातलं आणि धक्क्यावरच्या एका पोराने आपलं तोंड उघडून ते तिथल्या तिथे तपासलं. हसून हसून पुरेवाट. आणि कोणाला काही कळलं नाही तर आता ते बाईंना विचारत नव्हते, शेजारी विचारत होते, त्यामुळे शेजाऱ्याला ते नीट मांडता येणं भाग होतं. बांबूवरचा पाऊण आणि फळ्यावरचा पाऊण असे हळूहळू एका बाकावर येऊन बसले. मी खुर्चीत बसून होते. माझी कंबरही दुखत होती.

गप्पूच्या शेजारी डॉक्टरांचा मुलगा आला होता. तो विचारायचा, ती मानेनेच सांगायची, तो चिडायचा. एक दिवस तिची पाळी आली. उठली, फळ्याजवळ गेली, खडू हातात घेतला, लिहिलं काहीच नाही, आणि एकदम त्या नदीवरच्या आवाजात सुरू झाली. पहिल्या बाकावरची मुलं मागे सरली.

"वर्ग पाचव्या धड्यावर आहे. पाचवा अर्धा झालाय. हंगाम लागतो, नाव नदीने खाली जाते. नाव वर येते तेव्हा वर्ग नवव्या धड्यावर असतो. नवव्याला सातवा यावा लागतो. सातव्याला पाचवा यावा लागतो. तर मी कितव्या धड्यावर?"

मुलं हसली नाहीत. ती वह्यांत डोकी घालून खरंच सोडवायला लागली. डॉक्टरांच्या मुलाने विचारलं, "नाव खाली जाते तिकडे शाळा नाही?"

"आहे. तिकडे वर्ग तिसऱ्या धड्यावर असतो. मग नाव सुटते."

"मग तू तिकडे पुढची आणि आमच्याकडे मागची."

"हो."

त्याने बराच वेळ खाडाखोड केली. हार जायची त्याला सवय नाही. शेवटी म्हणाला, "उत्तर येत नाही, बाई. हे गणित चुकलंय." मी फळ्याकडे बघत होते. त्यावर काहीच नव्हतं, तरी बघत होते. मी म्हटलं, "गणित बरोबर आहे. तू बस. गप्पू, तूही बस."

साहेबांकडे गेले. म्हटलं, मासे, पाणी, पुरुष हे सगळं असो, पण मालवाहतुकीचा हंगाम लागला की नावा नदीने खालच्या धक्क्याला जातात आणि हंगामभर ही मुलं इकडचीही नसतात आणि तिकडचीही नसतात. तुमची दरी तिथे आहे. साहेबांनी मनापासून ऐकलं. मग तक्ता उलगडून वरून खाली, डावीकडून उजवीकडे पाहिला आणि म्हणाले, यात नावांचा रकाना नाही. तो घालायचा तर वरून मंजुरी लागेल. प्रयत्न करतो म्हणाले, आणि करतीलही, माणूस वाईट नाही.

वर्षअखेरीचा निकाल परवा लागला. गावातली मुलं पुन्हा वर गेली आणि धक्क्यावरची त्यांच्यामागोमाग बऱ्यापैकी चढली. दरी पूर्वी वीतभर होती, आता चार बोटं आहे. साहेब जरा हिरमुसले, कारण सहामाहीत ती मुळीच नव्हती. गप्पू पास झाली. काठावर, पण झाली. मोठ्या बाईंचं मी कौतुक करते, त्यांनी संथ तुकडीच्या यादीतून तिचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. मात्र त्यांचं म्हणणं रास्त आहे, की नाव हंगामाहून परत येईल तेव्हा वर्ग दशांश संपवून शेकडेवारीवर असणार. तोवर दशांश पक्के असतील तर ती माझ्या वर्गात बसेल, नाहीतर बसणार नाही. मी बरं म्हटलं. बरं म्हणण्याशिवाय मी काय करू शकते? मी एका जागी असते आणि नाव एका जागी नसते.

असो. पत्र फार लांबलं, तुमच्या डोळ्यांना त्रास झाला असेल. औषधं वेळेवर घ्या, जिना चढताना कठडा धरा, आणि दूधवाल्याशी भांडू नका, तो निदान वेळेवर येतो. ह्यांचा नमस्कार. पोरींचे पापे. लोभ आहेच, तो वाढवायला मी काही वेगळं करत नाही, तरी वाढवावा.

तुमची,
भाची

ता. क. पाकीट बंद करता करता आठवलं. नावा हंगामात जिथे लागतात तो खालचा धक्का म्हणजे तुमच्याच गावचा. तांडेलांनी वर्णन केलं त्यावरून तुमची गल्ली त्याच्या अगदी डोक्यावर येते. तुमची पुढची खोली दुपारी मोकळीच असते. दशांश अपूर्णांक तुम्ही ज्या रीतीने शिकवायचात ती रीत मला अजून जमलेली नाही. यातून मी काही सुचवते आहे असं नाही.

दुसरा ता. क. सुचवते आहे. रोज तासभर पुरे. गप्पू खोलीत फारसा आवाज करत नाही. बाकीची करतात. बाकीची म्हणजे धक्क्यावरची माझ्या वर्गातली सगळीच, कारण एकीची सोय केली आणि दुसऱ्यांची नाही असं झालं तर नवी दरी पडेल आणि ती मोजायला साहेब येतील. पायपुसणं जाड ठेवा. तशी ती मुलं पाय पुसून येतात, उलट आपल्याकडे कोणी पुसत नाही याचं त्यांना नवल वाटतं.

तिसरा ता. क. तांडेलांनी तुमच्याबद्दल एकच प्रश्न विचारला, की मारतात का. मी म्हटलं, छे, नुसत्या बघतात. ते म्हणाले, मग शिकेल.

चौथा आणि शेवटचा ता. क. तुमची संमती विचारायला पत्र पाठवायचं, तुमचा नकार यायचा, मग मी पुन्हा लिहायचं, यात हंगाम संपला असता. म्हणून पत्र टपालाने न पाठवता गप्पूच्याच हाती देते आहे. तुम्ही हे वाचताय तेव्हा ती दारात उभी आहे आणि बाकीची जिन्यात आहेत. आधी त्यांना आत घ्या, आत्याबाई. माझ्यावर मग सावकाश रागवा.